किटलीमागची जागा

दिवे गेलेत, येतील तेव्हा येतील. कंदील जरा जवळ ओढा आणि बसा. मी लहान असताना आमच्याकडे दिवे असूनही कुणी लावायचं नाही, कारण वर विमानं फिरत असायची. लढाई चालू होती. पण आम्हा पोरांसाठी लढाई म्हणजे मुख्यतः पाणी भरणं. नळ केव्हाच कोरडे पडले होते आणि सगळ्या गल्लीला मिळून बेकरीमागे एकच हापसा होता.

आई दिवसभर सैनिकांचे गणवेश शिवायच्या कारखान्यात, घरी चार वर्षांचा धाकटा, आणि पाण्याचं काम माझ्याकडे. हापशावर माणसं उभी राहत नसत, भांडी राहत. बादली रांगेत ठेवायची, सावलीत जाऊन खेळायचं, रांग सरकली की आपलं भांडं पुढे ढकलायचं. भोंगा वाजला की भांडी तिथेच टाकून, जीव मुठीत धरून शाळेच्या तळघरात पळायचं. परत यावं तर रांग जशीच्या तशी. दुसऱ्याच्या भांड्याला हात लावायचा नाही, एवढा एक कायदा त्या दिवसांतही सगळे पाळत.

मोडायची ती फक्त भिंगरी. शिंप्याची मुलगी, माझी जिवाभावाची मैत्रीण. एका जागी ठरेल तर शपथ. मला उशीर झाला की ती माझी बादली गुपचूप आपल्या निळ्या किटलीमागे आणून ठेवायची. "तुझी जागा धरलीय गं," म्हणायची, आणि मागच्या बायकांची बोलणी हसत खायची.

एका दुपारी शिंप्याच्या घरावर बॉम्ब पडला. सगळे घरातच होते. मला कितीतरी दिवस रडूच आलं नाही, आणि त्याचाच मला राग यायचा.

मग एकदा ती किटली पुन्हा रांगेत दिसली.

"तिची आत्या आली असेल," न्हावीकाका म्हणाले. कुणी खोलात शिरलं नाही. किटली रांगेबरोबर पुढे सरकायची, पण तिचा नंबर यायच्या सुमाराला बघावं तर नसायची. मी एकदा वाकून आत पाहिलं. आत काही नव्हतं. नुसता ओल्या मातीचा आणि जळक्या कापडाचा वास.

त्याच आठवड्यात भोंगा झाला. तळघरातून परत येऊन पाहते तर न्हावीकाकांचा डबा, जो पार शेवटी होता, थेट किटलीच्या मागे. "चला, आज आपली चांदी," काका म्हणाले. संध्याकाळी त्यांचं घर गेलं, काकांसकट. पुढच्या भोंग्यानंतर तिथे दूधवाल्या आजींचं पातेलं होतं. त्याच दिवशी आजीही गेल्या. काका भिंगरीचे केस फुकट कापायचे. आजी तिला जाता-येता कोमट दूध द्यायच्या. तिची माया असलेली माणसं होती ही. मोठ्यांना असल्या गोष्टींचा संबंध जोडायला वेळ नव्हता. मी जोडला.

तिसऱ्या खेपेला तिथे माझी बादली होती.

धाकटा सकाळपासून तापाने फणफणला होता. ओठ सुकून पांढरे पडले होते आणि घरात पाण्याचा थेंब नव्हता. एवढी एक बादली भरली की मी घरी पळाले असते.

"अगं, हो ना पुढे," मागची बाई म्हणाली.

मी किटलीपाशी वाकले आणि हळूच म्हणाले, "भिंगरे... माझी जागा नको धरूस. मला नाही यायचं..."

बादली उचलली आणि रांगेच्या शेवटी नेऊन ठेवली. पोरीचं डोकं फिरलंय, असं बायका म्हणाल्या. भरून घरी पोचेपर्यंत दिवस मावळला होता. धाकट्याला चमच्या-चमच्याने पाणी पाजलं, आईने त्याच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या. माझा डोळ्याला डोळा लागला नाही. पण विमानं आली नाहीत.

सकाळी त्याचा ताप उतरला. मला इतका आनंद झाला की मी आईच्या गळ्यातच पडले. सुटलो, वाटलं. आई कामाला गेली. धाकटा उठून दारापाशी बसला आणि घरातल्या सगळ्यांचे बूट एकामागे एक मांडू लागला.

"काय चाललंय रे?"

"रांग."

त्याने आपले चिमुकले बूट उचलले आणि पुढे नेऊन ठेवले.

"तू कसा मध्येच घुसलास?"

"भिंगरीताईने जागा धरलीय," तो म्हणाला. "ती म्हणाली, ताई नको म्हणतेय... मग तू येतोस का?"

हापशावर काय बोलले ते मी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं.

"मग... तू काय म्हणालास?"

धाकट्याने दोन्ही बूट शेजारी-शेजारी नीट लावले.

"हो म्हटलं."