उसनं रक्त

सन दोन हजार एकोणीस. होळी होऊन अकरा दिवस झाले होते, रविवार होता, आणि आलापल्लीच्या पुढच्या जंगलात मोहाची फुलं पडायला लागली होती. गोष्ट मनसाराम ढिवराची आहे. मिशनच्या दवाखान्याची गाडी तो चौदा वर्षं चालवत होता. मनसाराम खोटं बोलणारा माणूस नव्हता. आयुष्यात एकदाच बोलला. पुढचं सगळं त्या एका खोट्यातून निघालं. तेव्हा पोरांनो, ज्याला हसायचं असेल त्यानं आत्ताच हसून घ्यावं.

संध्याकाळची प्रार्थना आटोपल्यावर डॉक्टरीणबाईंनी त्याला बोलावलं. शकुबाई नावाच्या म्हातारीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, तिला गावी सोडून यायचं होतं. बावीस किलोमीटर जंगलाचा रस्ता. सकाळपर्यंत थांब म्हटलं तर म्हातारी ऐकेना. तिच्या झाडाचा मोह पहाटे दुसराच कोणी वेचून नेईल, हा तिला घोर.

म्हातारीच्या एका डोळ्यावर पट्टी होती. तोंडावर नव्हती.

"काऊन रे मनसाराम, गाडीत एकच देव बसवला तुमच्या बाईनं. आमच्या देवाले शीट नाई काय?"

"तुमचा देव टपावर बसते, बाई. त्याले हवा लागते."

म्हातारी खोकला येईपर्यंत हसली. पण नाल्याच्या अलीकडं मोहाच्या झाडांशी एक वळण आहे, तिथं आल्यावर तिनं पदर डोक्यावर ओढून घेतला. मग हळू आवाजात म्हणाली, "वापस येताना इथी थांबू नोको. लालसूची बाई आहे इथी."

मनसारामनं गाडीचा वेग वाढवला.

"मागच्या भादव्यात मेली, जुरी. पोट घेऊनच गेली. अशीले गावात नाई आणत, म्हणून रस्त्याच्या कडेले पुरली. तुमच्याच दवाखान्यात होती म्हणतेत. रक्त नाई भेटलं."

"झोपा आता, बाई," मनसाराम म्हणाला.

त्याला हे कोणी सांगायची गरज नव्हती.

आठ वर्षांपूर्वी त्याची बायको देवकाबाई पहिल्या बाळंतपणात अशीच रक्त जाऊन पांढरी पडली होती. मनसारामचं रक्त तिला चालेना. जुळलं ते एकाचंच, लालसूचं. लालसू माडिया माणूस. आईला हिवताप झाला म्हणून तो तिला घेऊन आला होता. त्याच्या गावात रक्त देणं म्हणजे अर्धा जीव काढून देणं. तरी त्यानं दिलं. गावानं त्याला महिनाभर वेशीबाहेर ठेवलं. मनसाराम पाया पडायला गेला, तेव्हा लालसूनं त्याला वाकू दिलं नाही.

"आमच्यात रक्त दान नसते, भाऊ. उसनं असते. नेलं तेवढं वापस येते."

"मी देईन," मनसाराम म्हणाला. कोणी मागितलं नव्हतं. आपणहून म्हणाला.

पुढं डॉक्टरीणबाईंनी त्याच्या हातात माईक दिला. आठवडी बाजारात गाडी उभी करून मनसाराम सांगायचा, "रक्त दिल्यानं काई होत नाई. भरून निघते. भिऊ नोका." माडिया लोक मागं सरकले की हसायचा. अडाणी म्हणायचा त्यांना.

मग आला दोन हजार अठराचा भादवा. लालसूनं आणि त्याच्या भावांनी जुरीला खाटेवर घालून, पुराच्या पाण्यातून नाला ओलांडून आणलं. रक्त थांबत नव्हतं. दवाखान्याच्या यादीत जुळणारं नाव एकच निघालं. मनसाराम. सिस्टर रिना धावत त्याच्या खोलीवर आली.

देवकाबाईला तेव्हा सातवा महिना होता. तिच्या माहेरच्या भगतानं सांगून ठेवलं होतं, बाई दोन जिवांची असताना घरधन्यानं रक्त दिलं तर पोटातलं राहत नाही. मनसाराम दारात उभा राहिला. बाजारात माईक धरणारा मनसाराम.

"सिस्टर, मले ताप आहे."

ताप नव्हता. सिस्टर रिनानं त्याच्या कपाळाला हातही लावून पाहिला नाही. विश्वास ठेवला. खिशातून तापाच्या दोन गोळ्या काढून दिल्या. त्यानं त्या तिच्या समोर, पाण्याबरोबर गिळल्या. "तुमच्यासाठी पण प्रार्थना करते, भाऊ," असं म्हणून ती पळत गेली.

पहाटे जुरी गेली.

सकाळी लालसू तिला खाटेला बांधत होता. मनसाराम दिसला तसा थांबला, आणि विचारलं, "भाऊ, ताप उतरला?"

टोचून नाही विचारलं. खरंच विचारलं.

देवकाबाईला कार्तिकात मुलगा झाला. धडधाकट. मनसाराम त्याला मांडीवर घ्यायचा, पण तोंडाकडं बघायचा नाही.

तर ती रात्र. शकुबाईच्या घरच्यांनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. तिथून निघाला तेव्हा घड्याळात पावणेबारा झाले होते. चंद्र नव्हता. मोह राखणाऱ्यांच्या झाडांखालच्या शेकोट्या विझत आल्या होत्या, आणि मोहाचा वास इतका दाट की काच खाली घेतली तर घशात बसेल.

नाला ओलांडला. वळण आलं.

दिव्यांच्या उजेडात हात दिसला. वर केलेला.

मिशनच्या गाडीचा नियम होता. रात्री रस्त्यावर हात दिसला, तर थांबायचं. कोण आहे, काय आहे, विचारायचं नाही. चौदा वर्षांत मनसारामनं तो नियम मोडला नव्हता. त्या रात्री मोडला. गाडी तशीच दामटली.

थोडं पुढं गेला असेल. मागचं दार लागलं. हळूच. बाईमाणूस लावतं तसं.

त्यानं आरशात पाहिलं नाही.

मोहाचा वास गेला. ओल्या मातीचा आला. भर उन्हाळ्यात...

मैलभर गाडी तशीच पळाली.

मग मागून...

"भाऊ. ताप उतरला?"

जुरीचा आवाज. थकलेला. राग नव्हता त्यात. राग असता तर बरं झालं असतं.

पाय ब्रेकवर गेला. गाडी थांबली. इंजिन बंद पडलं. दिवेही मंदावले.

बाहेर मोह पडत होता. टप... टप...

"बाई..."

काही नाही.

"ताप नव्हता."

काही नाही.

"भेलो मी. माह्यं जुळत होतं तुले. मी... भेलो."

टप...

दोन शिटांच्या मधून हात पुढं आला. तळवा वर. शेजारीण दारात येऊन मीठ मागते तसा.

मनसारामनं बाही वर केली. आपला हात मागं दिला.

थंड...

पुढचं त्याला आठवत नाही.

भानावर आला तेव्हा गाडी दवाखान्याच्या फाटकात उभी होती. इंजिन तापलेलं. घड्याळात सव्वा वाजला होता. मागची शीट रिकामी आणि कोरडी. व्हरांड्यात दिव्याखाली लालसू बसला होता.

जुरीची धाकटी बहीण सोमी आत होती. मनसाराम म्हातारीला घेऊन गेल्यावर लालसूनं तिला आणलं होतं. बाळ झालं, आणि रक्त थांबेना. बहिणीचं झालं तेच. व्हरांड्यातच हे कळलं, तसा मनसाराम धडपडत आत शिरला.

"सिस्टर, माह्यं घ्या. मले ताप नाई, काई नाई. आत्ता घ्या."

सिस्टर रिनाच्या कपाळाला आठी पडली. "किती वेळा घेऊ, भाऊ? बारा वाजता दिलं ना तुम्ही. आपणच आले, आपणच खाटेवर पडले, एक शब्द बोलले नाई. मी म्हटलं घटकाभर पडून राहा, तर उठून चालले गेले."

"मी... मी आत्ता येऊन राह्यलो, सिस्टर."

"हात पाहा आपला."

त्यानं पाहिलं. कोपराच्या आतल्या बाजूला कापसाचा बोळा होता, वर चिकटपट्टी. कापसावर रक्ताचा ठिपका. ओला.

सोमीच्या खाटेशी पिशवी टांगलेली होती, निम्मी संपलेली. तिच्यावर सिस्टर रिनाच्या अक्षरात लिहिलं होतं, मनसाराम, बारा वाजून पाच मिनिटं. बारा वाजून पाच मिनिटांनी तो जंगलात होता. सोमीच्या ओठांवर रंग येत होता. कोपऱ्यात तिचं बाळ ओरडत होतं.

मनसाराम बाहेर आला. लालसूनं बाकावर सरकून जागा केली. तो बसला, मान खाली घालून. सगळं सांगून टाकावं म्हणून त्यानं तोंड उघडलं, तापाचं, गोळ्यांचं, भगताचं.

लालसू त्याच्या हातावरच्या कापसाकडं बघत होता.

"फिटलं," लालसू म्हणाला.