पॅसेजच्या दिव्याचं दुसरं बटण

त्या दिवशी सकाळीच आम्ही हार्डवेअरच्या दुकानातून बटणं, प्लग आणि काळ्या टेपची गुंडाळी घेऊन आलो. आम्ही म्हणजे मी आणि डेल्बर्ट, माझा धाकटा दीर. माझी लेक डार्ला तान्ह्या बाळाला घेऊन कायमची माझ्याकडे राहायला येणार होती. तिची अट एकच होती. "मम्मा, आधी त्या घराचं वायरिंग नीट करून घे. मला बाळासकट जळून मरायचं नाही." बोलण्यात ती बापावर गेलीय.

घराचं सांगते. अलाबामात आमच्या बाजूला अशी घरं पुष्कळ. कारखान्यातून दोन तुकडे दोन ट्रकांवर येतात, आणि विटांच्या खांबांवर ठेवून मधोमध जोडतात. खाली माणूस सरपटत जाईल इतकी पोकळी. आमच्या घरात झोपायच्या खोल्या एका तुकड्यात होत्या आणि स्वयंपाकघर दुसऱ्या. टोर्नेडोचं वादळ आलं त्या संध्याकाळी रॉइसनं, माझ्या नवऱ्यानं, मला न्हाणीत ढकललं आणि तो टॉर्च आणायला स्वयंपाकघरात गेला. घर बरोब्बर जोडावर उसवलं. तिकडचा अर्धा भाग उडून गेला. फ्रिज दोन गावं पलीकडे सापडला. रॉइस सापडला नाही.

उघड्या बाजूला डेल्बर्टनं प्लायवूड ठोकलं. पॅसेज जिथं स्वयंपाकघरात शिरायचा तिथं एक जुनं दार बसवलं, पुढंमागं पायऱ्या करू म्हणून. त्या काही झाल्या नाहीत. दार उघडलं की समोर हवा आणि खाली गवत. अर्ध्या घराची माणसाला सवय होते. अर्ध्या अंथरुणाची होत नाही.

दुपार कलली तरी डेल्बर्ट टेस्टर घेऊन एकेक बटण दाबतच होता.

"हे कशाचं?"

"ओट्यावरच्या दिव्याचं."

"आणि हे?"

"मागच्या दाराच्या."

"म्हणजे इथं बसून तू दुसऱ्याच्या शेतात जाऊन पडलेले दिवे लावतेस," तो म्हणाला. "तुझ्या उशाचा प्लगही म्हणूनच मेलाय. त्याला वीज तिकडून यायची."

मग तो पॅसेजच्या दिव्यापाशी आला. या दिव्याला दोन बटणं होती. एक माझ्या खोलीच्या दाराशी, दुसरं स्वयंपाकघरात, रॉइसच्या खुर्चीमागे. मी अंथरुणात पडून त्या उजेडात वाचत बसायचे. रॉइस तिकडून दिवा घालवायचा. मी लावायचे. तो घालवायचा. मी शिव्या घातल्या की तिकडून हसणं ऐकू यायचं. तो गेल्यापासून रोज संध्याकाळी मी ते बटण दाबत आले होते. दिवा लागत नव्हता. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, डेल्बर्टलाही नाही.

"दोन्ही बटणांचं जुळलं तरच हा दिवा लागतो," डेल्बर्ट समजावत होता. "वीज तुझ्या बटणातून तिकडं जाते आणि त्याच्या बटणातून फिरून परत येते. तिकडचं बटणच गेलं, मग काय लागणार? खाली लोंबणाऱ्या तारा तोडून टाकतो, दिवा तुझ्या एकटीच्या बटणावर घेतो."

"राहू दे की तसाच."

"उंदरानं तार कुरतडली तर बाळाच्या पाळण्याखाली आग लागेल, व्हर्ना."

टोर्नेडोपासून बंद असलेली ती लाइन त्यानं तपासायला म्हणून चालू केली, आणि तो घराखाली शिरला. बाहेर आभाळ भरून आलं होतं. पॅसेजमध्ये अंधारलं होतं. पायाखाली त्याचं सरपटणं ऐकू येत होतं.

दिवा लागला.

"डेल्बर्ट, काय जोडलंस?"

"काही नाही." आवाज जमिनीतून आला. "टोकं हातात आहेत माझ्या. सुटी. का?"

"दिवा लागलाय."

"शक्य नाही... बटणाला हात लावू नकोस."

"लावला नाही."

दिवा गेला. मी बटण दाबलं. लागला. लगेच गेला. पुन्हा दाबलं. लागला, गेला. मी हसत होते. इतक्या दिवसांत मी इतकी सुखी कधीच नव्हते.

"व्हर्ना..." खालून अगदी हळू आवाज आला. "तू चालतेयस का?"

"नाही."

"तिकडच्या बाजूला... जिथं काहीच नाही तिथं... पावलं वाजतायत. माझ्या डोक्याशी आलीत."

पॅसेजच्या टोकाच्या दाराखालून पिवळा उजेड आत आला. करपलेल्या कॉफीचा वास आला. भांडं चुलीवर ठेवून विसरायची रॉइसची जुनी खोड. मी दार उघडलं. गवत नव्हतं. आभाळ नव्हतं. उजेडही नव्हता, नुसता उबदार काळोख. मी एक पाय पुढं टाकला आणि तो खाली गेला नाही. उंबऱ्यालगत स्वयंपाकघराची लाकडी जमीन ओल लागून मऊ झाली होती, ती दुरुस्त कर म्हणून मी वर्षानुवर्षं रॉइसच्या मागे लागले होते. माझ्या पावलाखाली ती तेवढीच दबली.

"रॉइस..."

कुणी बोललं नाही. फक्त जवळच कुणीतरी श्वास धरून उभं होतं. दुसरा पाय मी उचललाच होता.

"व्हर्ना!" डेल्बर्ट खालून रडकुंडीला येऊन ओरडला. "डार्ला रस्त्यात आहे गं! तिनं कुणाच्या दारात जायचं?"

मी पाय ओढून घेतला. पायातली सपात तिकडेच राहिली. दार लावून त्याला पाठ टेकली आणि म्हणाले, "तोड."

"नक्की?"

"तोड म्हणते ना. माझा विचार बदलायच्या आत तोड."

खाली पक्कड वाजली. वास गेला. दार उघडून पाहिलं तर खाली गवत होतं. डेल्बर्टनं सगळं गवत विंचरून काढलं, पण सपात मिळाली नाही. त्यानं दाराला स्क्रू मारले, आतून नवा पत्रा ठोकला आणि जाताना माझ्या डोळ्याला डोळा भिडवला नाही.

डार्ला आली. बाळ गुटगुटीत आहे, कान रॉइसचे. दिवा आता माझ्या एकटीच्या बटणावर लागतो, मीच घालवते. उरलेली सपात मी पलंगाखाली सरकवली होती, टाकवत नव्हती म्हणून.

काल सकाळी उठले तर पलंगाशी जोडी होती. हरवलेली सपातही कोरडी, आत हात घातला तर ऊब. पुसून, नीट शेजारी शेजारी लावलेल्या, टाचा माझ्याकडे आणि टोकं त्या प्लायवूडच्या भिंतीकडे. बाळ आणि डार्ला गाढ झोपली होती, दाराचे स्क्रू जागच्या जागी होते.

मी अनवाणीच कोपऱ्यातल्या शेगडीवर चहा करायला गेले. त्या सपाता मी हलवलेल्या नाहीत. भिंतीला हात लावून एवढंच म्हटलं, बाळाला चालू लागू दे, रॉइस. तोवर कळ काढ.