पलीकडे न्यायचं मूल

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, पण हे माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलंय. मागच्या डिसेंबरात, अमेरिकेत, जॉर्जियामध्ये. ऐन तिन्हीसांजेला.

शरयूमावशी नागपूरहून तिकडे गेली ती एकाच ओढीने. तिच्या मुलाला, नकुलला मुलगी झाली होती. कुणाचंही बाळ दिसलं की हात पसरणारी बाई ही! पोहोचल्यापासून नात रीमा तिच्या कुशीतून उतरली नव्हती.

त्या संध्याकाळी सगळे सव्हाना शहरातून घरी निघाले होते. रीमा रडायला लागली म्हणून एका ओढ्याजवळ गाडी थांबवली. सून सिया तिला पाजत गाडीतच बसली.

काठावर एक पाटी होती. नकुलने वाचून सांगितलं.

"आई, इथल्या सिव्हिल वॉरमधलं आहे, दीडशे वर्षांपूर्वीचं. नॉर्थची आर्मी इथून मार्च करत गेली. गुलामीतून सुटलेल्या फॅमिलीज मागून येत होत्या. सोल्जर्स पलीकडे गेले आणि पूलच काढून घेतला."

"आणि ही माणसं?"

"मागून साउथचे, गुलाम ठेवणाऱ्यांचे घोडेस्वार आले. लोकांनी पाण्यात उड्या टाकल्या."

"लेकुरवाळ्या असतील रे त्यात..." मावशी पाण्याकडे बघत म्हणाली.

नकुल फोटो काढायला वळला. मावशी पाय मोकळे करायला आताच्या लाकडी पुलावर गेली.

आणि... हायवेचा आवाज बंद झाला.

पाखरंही गप्प.

मागे कुणीतरी धापा टाकत होतं... एक जण नाही. खूप जण.

तिने वळून पाहिलं. काठ रिकामा होता.

मग तिच्या हातांवर... ओले, थंडगार हात.

आणि कुशीत एक गाठोडं. दिसत काहीच नव्हतं. पण वजन होतं... आणि ते हलत होतं.

कानाशी एका बाईचा आवाज. "टेक हिम ओव्हर, मॅम. प्लीज."

दुसरी कुणी असती तर किंचाळत पळाली असती. मावशीने सवयीने बाळाची मान सावरली, छातीशी धरलं आणि ती चालू लागली.

पलीकडून बुटांचा आवाज येत होता. शेकडो बूट... लांब लांब जाणारे.

"अहो, थांबा!" ती ओरडली. "हे मूल घ्या कुणीतरी!"

बूट थांबले नाहीत.

नकुल धावत आला तेव्हा ती पलीकडच्या टोकाला उभी होती. हात तसेच, बाळ धरल्यासारखे. स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या. पाणी पुलाच्या कितीतरी खाली होतं.

"आई, काय झालं?"

"घ्यायला कुणीच नाही रे," एवढंच ती म्हणाली.

घरी पोहोचल्यावर सिया म्हणाली, "आई, रीमाला जरा घेता? मी क्विक शॉवर घेऊन येते."

मावशी जागची हलली नाही. डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"तिला पाळण्यात ठेव गं. माझे हात रिकामे नाहीत."

भारतात परत येईपर्यंत तिने नातीला एकदाही घेतलं नाही. डॉक्टर झाले, टेस्ट झाल्या. सगळं नॉर्मल.

परवा मी नागपूरला तिच्याकडे गेले होते. दाराची कडी तिने कोपराने सरकवली. मी आनंदाने "मावशी!" म्हणून ओरडले, तर तिने डोळे वटारले.

"हळू बोल. आत्ताच डोळा लागलाय."