आडवं ठेवायचं आसन

माणूस उठला की त्याचं लाकडी आसन कुशीवर आडवं करून ठेवायचं, हे आमच्या अडुबियासे गावात रांगणाऱ्या पोरालाही ठाऊक. उभं राहिलं तर भलताच कुणी येऊन बसतो. गावाचा प्रमुख, माझा भाऊ, गेला त्या दुपारी रडण्याच्या नादात मी तेवढंच विसरले. बावन्न वर्षांची बाई, आणि एवढंसं काम.

सत्तावन्न सालच्या सहा मार्चला इंग्रज आमचा देश सोडून जाणार होते. त्याआधी साहेबाच्या कागदावर नव्या प्रमुखाचं नाव चढलं नाही, तर नवं सरकार आपला माणूस बसवणार. मग नदी, कोकोची रानं, सगळं त्याचं. आमच्यात गादी भाच्याकडे जाते आणि नाव राजमाता सुचवते. राजमाता म्हणजे आमची ट्वुमवा मावशी.

तिने भावाचा पहिला भाचा त्या आसनावर बसवला. तो टेकला न टेकला तोच उठला आणि "माफ करा" म्हणाला. कुणाला, ते त्यालाच कळेना.

दुसरा अडोमाको, शाळामास्तर. दारूला न शिवणारा. घामाने निथळत उठला. "आजी, कुणाच्या तरी मांडीवर बसल्यासारखं वाटतं गं."

"घरी जा, बायकोच्या मांडीवर बस!" मावशी करवादली.

मी रोज संध्याकाळी आसन आडवं करायची. सकाळी ते उभं. कोरड्या वाऱ्याने ओसरीभर धूळ, आसनावर कण नाही.

पाच तारीख उजाडली. साहेब दोनला येणार. उरला माझा मुलगा बोआतेंग.

"तो नको, मावशी."

"मग कोण? तू बसतेस?"

"त्या दिवशी आसन मी उभं ठेवलं होतं."

"ठाऊक आहे मला. पण गाव कुणाच्या हाती देऊ, ते सांग."

मी बोआतेंगला हाक मारली.

"आई, किती वेळ बसायचंय?" बोआतेंग हसत म्हणाला. "ताटातला फुफूचा गोळा गार होईल."

तो बसला.

उठला नाही.

फक्त थोडा कडेला सरकला. लॉरीत म्हाताऱ्या माणसाला जागा करून द्यावी तसा. हसू गेलं होतं.

साहेबाने नाव लिहिलं, टोपी घातली. बाहेर ढोल वाजले. बोआतेंग लोकांपुढे गेला.

मी आसन आडवं करायला हात लावला. तो बसला होता ती कड गार होती. मोकळी सोडलेली बाजू ऊबदार.