हॅवीसचा शिक्का

बसा, चहा गरम आहे तोवर घ्या. तीन महिने शेतं तुडवून हाती काही लागलं नाही म्हणून कुरकुरताय, म्हणून सांगतो. माझा मित्र नेव्हिल स्टॅमर. तुम्ही त्याला पाहिलेलं नाही, तो आता आपल्या या डिटेक्टरवाल्यांच्या क्लबात येत नाही. का येत नाही, ते ऐका.

नेव्हिल कालव्याच्या पंपघरात नोकरीला होता. निवृत्त झाल्यावर त्यानं मेटल डिटेक्टर घेतला आणि अकरा वर्षं इथली सगळी ओली शेतं पालथी घातली. मिळालं काय? बियरच्या डब्यांच्या कड्या, छर्रे, ट्रॅक्टरचे बोल्ट. आणि मग गेल्या वर्षी सप्टेंबरात, बीट काढलेल्या शेतात, शिशाचा एक शिक्का. अंगठ्याच्या पेराएवढा, दोन्ही टोकांना निमुळता. मधे लिलीचं फूल, कडेनं उलटी अक्षरं. ओल्या मातीवर दाबून त्यानं नाव वाचलं. हॅवीस, थॉरोल्डची मुलगी. सातशे वर्षांपूर्वीची कुणी साधी शेतकरीण. तेव्हा दस्त कातड्यावर लिहीत, आणि त्याला लावलेल्या मेणावर सहीच्या जागी ती हा शिक्का उठवत असणार.

असलं काही सापडलं की नोंद करायची, हे तुम्हाला ठाऊकच आहे. नोंदणीच्या बाई तेव्हा महिन्यातून एकदा शहरातल्या एका लायब्ररीत बसायच्या. पहिल्या खेपेला त्या आजारी. दुसऱ्या खेपेला याचा नंबर लागायच्या आत वेळ संपली. तिसऱ्या खेपेला, २१ नोव्हेंबर, गुरुवार, तो बाकावर तीन तास बसला. मग काउंटरवरची मुलगी म्हणाली, "हा अर्ज जुन्या नमुन्यातला आहे. नवा भरून पुढच्या महिन्यात या."

"अगं, वस्तू तरी बघ. नाव आहे त्यावर."

"मी बघून काय होणार?"

त्यानं बायकोला, मॉरीनला, फोन केला. ती म्हणाली, "अकरा वर्षं नुसता चिखल आणलास घरात. आता एक धड वस्तू आणलीस, तर तीही कुणी बघेना. ये आता, जेवण गार होतंय."

सहाला दहा कमी होते. नोव्हेंबरात चारलाच अंधार पडतो. कालव्याच्या कडेचा तो सरळ रस्ता. नेव्हिल गाडीत एकटाच, त्या मुलीला, अर्जाला, स्वतःला शिव्या घालत चाललेला. पंपघर मागे पडलं आणि दिव्यांच्या उजेडात एक बाई दिसली. रस्त्याच्या मधोमध.

त्यानं ब्रेक दाबला. गाडी बंद पडली. दिवे चालू राहिले.

बाई खिडकीपाशी आली. बुटकी, डोक्याला फडकं गुंडाळलेलं. कुणाची गाडी कालव्यात गेली असेल, असं वाटून त्यानं काच खाली केली.

ती बोलू लागली. भाषा आपल्यासारखीच, पण शब्द लागत नव्हते. एकच लागला. थॉरोल्ड.

कळलं नाही म्हणून नेव्हिलनं मान हलवली.

तिनं पुन्हा तेच सांगितलं, पहिल्यापासून. मग तिसऱ्यांदा. आवाज चढला नाही. नुसता थकत गेला...

"घाबरलो तर होतोच," नेव्हिल मला म्हणाला, "पण क्लेमंट, तो सूर माझ्या ओळखीचा होता. दुपारी काउंटरपाशी मी तसाच बोलत होतो."

तिनं हात पुढे केला.

त्यानं खिसा दाबून धरला. अकरा वर्षं...

"नाही," तो म्हणाला.

हात तसाच. थंडी आत शिरत होती. त्याच्या तोंडातून वाफ निघत होती. तिच्या नाही.

तो थांबला. ती थांबली.

मग त्यानं खिशातून शिक्क्याची डबी काढून उघडली. दिला.

मूठ मिटली. दिवे गेले... आले, तेव्हा रस्ता मोकळा होता.

डिसेंबरात नोंदणीच्या बाई एकदाच्या भेटल्या. "वस्तू कुठे आहे?"

"परत दिली."

"कुणाला?"

त्यानं रिकामी डबी टेबलावर ठेवली. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली. नेव्हिल तडक माझ्याकडे आला, डिटेक्टर दारात टाकला. म्हणाला, "मिळत नव्हतं तेव्हा निदान वाट तरी बघत होतो. आता ठेव हा तुझ्याकडे."

एक गोष्ट मात्र त्यानं त्या बाईंना दाखवली नाही. त्या रात्री घरी पोचल्यावर शेजारच्या सीटवर त्याला कातड्याची एक पट्टी मिळाली. कोरी. तिच्या टोकाला हिरव्या मेणाचा ठसा, लिली आणि भोवती सुलट अक्षरांत नाव. मागे, मेण दाबून धरलेल्या अंगठ्याच्या बारीक रेषा.

ती पट्टी तो बागेतल्या शेडमधे टांगून ठेवतो. तिथे पाणीसुद्धा गोठतं. परवाच्या रविवारी मी ती हातात घेतली.

मेण अजून कोमट आहे.