उलट्या बेटावरचा बांध

पालटयंत्राचे पंखे थांबले आणि प्रयोगशाळेत इतकी शांतता झाली, की हेरंब सुखटणकरला आपल्याच खुर्चीची कुरकुर ऐकू आली. समोरच्या पडद्यावर दोनशे वर्षांचा, कधीच न घडलेला इतिहास पुरा झाला होता. त्याची सहकारी बिंबा तिवरे पडद्याकडे पाठ करून उभी होती. निकाल बघायचा तिला धीर होत नव्हता.

"बघ तरी," हेरंब म्हणाला. "तुझंच म्हणणं खरं निघालंय, बाई."

लवंगद्वीपाबाहेरच्या वाचकाला इथे थोडं मागचं सांगायला हवं. ह्या बेटावर दोन समाज राहतात. वर डोंगरावर गलबते. त्यांचे पूर्वज गलबतांतून आले, त्यांनी लवंगेचे मळे लावले, बंगले बांधले, पुढे सरकारही तेच चालवू लागले. खाली किनाऱ्याच्या खाऱ्या दलदलीत, खाजणात, खाजणी. ते गलबत्यांच्याही आधीपासून बेटावर होते; चिखलात मासे-खेकडे धरत होते आणि अजूनही तेच करतात. एका गलबत्या घराची कमाई चार खाजणी घरांना पुरून उरते. असं का, हे बेटावर कुणालाही विचारा, उत्तर तोंडावर तयार. गलबते सांगतात, आम्ही काटकसरी, ते उधळे. आजचं आज फस्त करतात. खाजणी सांगतात, आम्ही मायेचे, ते कंजूष. दारात तहानलेला पडला तरी पाणी विचारायचे नाहीत. दोन्हीकडची पोरं हे ऐकतच मोठी होतात.

मग समुद्र चढू लागला. उधाणाचं पाणी खाजणातल्या तिवरतळ गावात चुलींपर्यंत यायला लागलं. खाजण वाचवायचं तर समुद्राच्या बाजूने मोठा बांध घालायला हवा होता, आणि तो खर्च साऱ्या बेटाच्या तिजोरीतून व्हायला हवा होता. बांधकाममंत्री रघुवीरराव बंदरकर हे जातीचे हिशेबी गृहस्थ. ते म्हणाले, "आधी मला शास्त्रोक्त सांगा, ही माणसं गरीब का आहेत. स्वभावामुळेच असतील, तर मी पैसा चिखलात कशाला ओतू?"

हे ऐकून बिंबाच्या अंगाचा तिळपापड झाला. तिचा म्हातारा बाप, सोमा तिवरे, तिवरतळातच राहत होता आणि गाव सोडायला तयार नव्हता. मागच्या उधाणात तो रात्रभर माळ्यावर बसून होता. तरी तिने राग गिळला. कारण मंत्र्यांच्या प्रश्नाला उत्तर देणारं यंत्र तिच्याच संस्थेत होतं.

"साहेब, यंत्रात बेटाची हुबेहूब नक्कल आहे," तिने मंत्र्यांना समजावलं होतं. "जमीन, भरती-ओहोटी, बाजारभाव आणि माणसं. ह्या नकली माणसांना आम्ही प्रतिजन म्हणतो. त्यांना भूक लागते, भीती वाटते. ती साठवतात, वाटतात, भांडतात. हे दोनशे वर्षं चालवलं की आजचं बेट जसंच्या तसं येतं. ती खात्री आम्ही करून घेतली आहे."

"मग?"

"मग एकच गोष्ट पालटायची. पहिल्याच दिवशी खाजण्यांच्या हातात मळे द्यायचे आणि गलबत्यांना खाजणात सोडायचं. बाकी कशाला बोट लावायचं नाही. दोष स्वभावात असेल, तर खाजणी मळ्यांतही गरीबच होतील."

"आणि नसेल तर?" रघुवीरराव हसले.

"तर गलबते गरीब होतील."

हेरंब स्वतः गलबता. मंत्र्यांचं ते हसू त्याला तेव्हाही आवडलं नव्हतं.

आता निकाल समोर होता. बिंबा वळली आणि वाचू लागली. उलट्या बेटावर एका खाजणी घराची कमाई चार गलबत्या घरांना पुरून उरत होती. फरक अगदी तोच, फक्त नावं उलटी. कारणही यंत्राने दाखवलं होतं, आणि ते पोराला कळेल इतकं साधं होतं. लवंगेचं रोप लावलं की कळी धरायला कित्येक वर्षं जातात. तोवर धीर धरावा लागतो, राखण करावी लागते, दाराला कुलूप लागतं. मळ्यात वाढलेला माणूस काटकसरी होतो, मग तो कुणाच्याही पोटी येवो. मासा मात्र संध्याकाळपर्यंत नासतो. तो साठवता येत नाही, म्हणून खाजणातला माणूस वाटून टाकतो, आणि उद्या आपल्याला मिळाला नाही तर शेजारी देईल ह्या भरवशावर झोपतो.

"इथे काय आहे?" बिंबाने पडद्यावर बोट ठेवलं. तिचा आवाज बदलला होता.

"रीत आहे त्यांची. गलबत्यांची, म्हणजे उलट्या बेटावरच्या. ज्या घरातून संध्याकाळी धूर निघत नाही, त्या घरी जास्तीचा मासा नेऊन द्यायचा."

"हा धुराचा वाटा आहे, हेरंब. आमचा. माझा बा रोज नेऊन देतो. अख्ख्या जन्मात त्याने कशाचा गर्व केला असेल, तर ह्या एका गोष्टीचा."

"आणि उलट्या बेटावरचे खाजणी?"

तिने पुढचं पान काढलं. उलट्या बेटावरचे खाजणी बंगल्यांत राहत होते. धुराच्या वाट्याचं नावही त्यांना ठाऊक नव्हतं. खाली खाजणातले लोक उधळे आहेत, असं ते आपल्या पोरांना शिकवत होते. बिंबाला रडूच आलं. आपले लोक गरीब आहेत ह्याचं तिला आयुष्यभर वाईट वाटत आलं होतं. पण ते जात्या मायेचे आहेत, हा आधार होता. यंत्राने दोष पुसला आणि त्याच हाताने गुणही पुसला.

सर्वांत वाईट शेवटी होतं. उलट्या बेटावरही समुद्र चढला होता. तिथल्या गलबत्यांनी बांध मागितला होता, आणि तिथला खाजणी मंत्री सभेत उभा राहून म्हणाला होता, "त्यांच्या जागी आपण असतो, तर त्यांनी आपल्यासाठी बांधला असता का?" टाळ्या पडल्या. बांध झाला नाही. पुढच्या पावसाळ्यातल्या उधाणात खाजण गेलं, माणसांसकट.

हेरंबने खुर्ची पडद्याजवळ ओढली.

"हा शेवट काढून टाक," हेरंब म्हणाला. "वरचं सगळं पुरेसं आहे. गरिबी जागेमुळे येते, स्वभावामुळे नाही, हे सिद्ध झालं. आता मंत्र्यांच्या हातात आयतं कोलीत कशाला द्यायचं? तुझे लोक बांध नाकारताना त्यांना दिसले, तर संपलंच."

"माझ्या लोकांची अब्रूही राहील," बिंबा म्हणाली.

"तेच म्हणतोय मी."

तिने डोळे पुसले. "मला आणखी एकदा चालवू दे. उलटं बेटच, फक्त एक गोष्ट जास्त घालून."

काय घातलं ते तिने सांगितलं नाही. दुसरा निकाल आला तेव्हा मात्र ती पडद्याकडे तोंड करून बसली होती, आणि शेवटपर्यंत हलली नाही.

मंत्र्यांच्या दालनात तिने पहिला निकाल सगळा दाखवला. काही म्हणजे काही कापलं नाही. उलट्या बेटावर गलबते चिखलात उभे राहून मासे वाटताना दिसले तेव्हा रघुवीरराव खुर्चीत सावरून बसले. समोरच्या माणसांच्या तोंडी मंत्र्यांच्याच आजोळची आडनावं होती. खाजणी मंत्री टाळ्या घेताना दिसला तेव्हा मात्र त्यांचा चेहरा उजळला.

"म्हणजे काय झालं, डॉक्टरबाई? आज जो बांध तुम्ही मागता, तो तुमच्या लोकांनी आमच्यासाठी बांधला नसता."

"नसता, साहेब."

"मग मी का बांधू?"

बिंबाने चित्र थोडं मागे नेऊन पुन्हा सुरू केलं. खाजणी मंत्री पुन्हा उभा राहिला, त्याने पुन्हा विचारलं, त्यांनी आपल्यासाठी बांधला असता का? पुन्हा टाळ्या. ह्या वेळी तिने चित्र थांबवलं नाही. उधाण आलं. बंदरकर आडनावाचं एक कुटुंब माळ्यावर चढलं, मग कौलांवर चढलं, मग कौलांवर कुणी उरलं नाही.

"बंद करा ते!" रघुवीरराव ओरडले.

हेरंबने घाईने पडदा विझवला. मंत्र्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"हा माणूस आणि मी एकच, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"मी नाही, साहेब. यंत्राचं म्हणणं आहे ते. जागा पालटली की माणसं तीच होतात. तुम्ही आत्ता जे बोललात, ते तुमच्या आधी तो बोलला होता."

"तुमचं यंत्र गेलं खड्ड्यात!" ते उठून उभे राहिले. रागाने त्यांची मान लाल झाली होती. "आम्ही तसे नाही. गलबते तसे नाहीत. लिहून घ्या, बांध होईल. मी स्वतः उभा राहून करवून घेईन. मग बघू, कोण कुणासारखं आहे ते!"

बाहेर आल्यावर हेरंबने तिला जिन्यातच गाठलं. "तुला ठाऊक होतं ते असं करतील?"

"आशा होती. आम्ही तुमच्यासारखे नाही, हे दाखवायला त्यांच्याकडे एकच रस्ता उरला होता."

"अगं, पण मग आपला सिद्धान्त गेला ना! उद्या सगळं बेट म्हणेल, खाजण्यांनी नाकारला आणि गलबत्यांनी बांधला. म्हणजे फरक आहेच. आयुष्यभर ऐकावं लागेल तुला."

"ऐकेन. आणि तूही तोंड उघडू नकोस. त्यांचा राग उतरला तर काम अर्ध्यावर राहील."

बांध झाला. रघुवीररावांचं हे श्रेय नाकारण्यात अर्थ नाही: दगड चोख होता, काम वेळेवर झालं, आणि गलबते तरुण पगार न घेता पाट्या वाहायला आले. उद्घाटनाला सारं तिवरतळ बांधावर जमलं. समुद्र बाहेर धडका देत होता आणि आतली जमीन कोरडी ठाक होती. मंत्री भाषणाला उभे राहिले.

"शास्त्राने सिद्ध केलं आहे, की आमच्या जागी हे लोक असते, तर त्यांनी हा बांध बांधला नसता," ते म्हणाले. "तरी आम्ही बांधला. हाच आमचा धर्म."

वरून आलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. खालच्यांनी माना खाली घातल्या. बिंबा बापाच्या शेजारी उभी होती. सोमाने तिचं मनगट धरलं.

"बिंबे, खरं का गं हे? आपण नसता बांधला?"

बांध पुरा झाला होता. आता खोटं बोलायचं काही कारण उरलं नव्हतं.

"नसता, बा."

दोघं घरी आली. म्हातारा ओट्यावर बसला आणि किती वेळ आपल्या हातांकडेच बघत राहिला. मग तिने दुसऱ्या निकालाचं सांगितलं. आजवर तिने ते कुणालाही सांगितलं नव्हतं.

"मी पुन्हा चालवलं होतं, बा. त्या उलट्या बेटावर आमच्यासारखीच एक प्रयोगशाळा घातली आणि आमच्यासारखंच एक यंत्र. यंत्रात यंत्र चालत नाही, म्हणून त्याचा निकाल मी हाताने भरला, आपलाच, नावं उलटी करून. तिथे खाजणातली एक गलबती पोरगी ते काम करत होती. तिच्या निकालातही तिचेच लोक बांध नाकारताना दिसले."

"मग?"

"तिने तो भाग कापला. तिच्या बापाला ऐकवणार नाही म्हणून. तिथल्या मंत्र्याला तिने फक्त गोड अर्धं दाखवलं. तो म्हणाला, फार वाईट वाटलं, आणि दुसऱ्या कामाला लागला. बांध झाला नाही. तिचा बापही गेला."

सोमाने मान वर केली. "आणि तू दाखवलंस."

"हो. त्या खाजणी मंत्र्याला कुणी त्याचं तोंड दाखवलं असतं, तर त्यानेही बांधला असता, बा. आपलं माणूसही ह्यांच्याइतकंच. पण हे आता कोण ऐकणार?"

"मला लागलं, पोरी. फार लागलं."

"ठाऊक होतं."

संध्याकाळ झाली. टोपलीत सकाळचा मासा उरला होता. बिंबा सवयीने उठली, कुठल्या घरातून धूर निघत नाही ते बघायला. सोमाने तिला थांबवलं.

"मासा नासतो म्हणून आपण वाटतो, असं म्हणतं ना तुझं यंत्र?"

"असंच म्हणतं."

"बरं."

तो आत गेला. चुलीवरच्या फळीवर त्याची कुलपाची पेटी होती. तिच्यात सोडे होते, सुकवलेली कोलंबी. उन्हाळाभर वाळवून पावसाळ्यासाठी ठेवलेली. सोडे वर्षभर नासत नाहीत, आणि खाजणात सोडे कुणी कुणाला देत नाही. पोटच्या पोरालाही मोजून मिळतात. सोमाने कुलूप काढलं आणि सगळे सोडे धोतराच्या ओच्यात ओतून घेतले.

"बा, पावसाळ्यात काय खाशील?"

"बघू." तो पायरी उतरला. बांधाच्या पायथ्याशी, पाट्या वाहायला आलेल्या गलबत्या तरुणांच्या झोपड्या होत्या. त्यांतल्या एकीतून अजून धूर निघाला नव्हता. म्हातारा त्या दिशेने चालू लागला, आणि बिंबा चप्पल घालून, दार ओढून घेऊन त्याच्यामागे निघाली.