चिनी सेनापती आणि माफीनामा

"थांबवा ना जरा... माझं वाचून झालं न्हाई!"

पाठीमागून आवाज आला आणि रुद्राणीच्या हातातून मोबाईल सुटता सुटता राहिला. लातूरच्या त्या मेडिकल प्रवेशाच्या क्लासच्या अभ्यासिकेत जेवणाच्या सुट्टीत चिटपाखरूही नसायचं. म्हणून तर जीवशास्त्राचं जाडजूड पुस्तक उभं करून ती त्याच्याआड चिनी मालिका बघायची. राजवाडे, लांब बाह्यांचे झगे, आणि वैद्याच्या मुलीवर जीव जडलेला एक सेनापती! आवाज बंद, खाली हिंदी अक्षरं यायची, तेवढ्यावर भागायचं.

तिनं वळून पाहिलं. तिच्याच वर्गातला, रेणापूरचा धम्मानंद. नाकासमोर चालणारा... असं आपलं तिला वाटायचं.

"कधीपासून वाचायलात?"

"एकोणिसाव्या भागापासून," तो हसला. "पहिले अठरा तेवढे सांगा की. सेनापती लंगडतो कशानं?"

चोर तो चोर, वर शिरजोर! खरं तर राग यायला हवा होता. आलं हसू.

दुसऱ्या दिवशी तो शेजारच्या खुर्चीवर आला. त्याच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी तिच्या भाकरीवर आली, आणि आठवड्याभरात 'तुमी'चं 'तू' झालं.

"एवढा लढवय्या गडी, अन् साधं बोलायला जीव जातो याचा!" रुद्राणी एकदा वैतागून म्हणाली.

"बोलणं लढाईपरीस अवघड असतंय..." धम्मानंद म्हणाला, आणि मोबाईलकडे न बघता तिच्याकडेच बघत राहिला. तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. तिकडं सेनापती काय बोलला, ते दोघांनाही कळलं नाही.

सदतिसाव्या भागाला घात झाला. क्लासचे सर अचानक आत आले. तिथं फक्त बटनाचा फोन चालायचा. मोठा मोबाईल सापडला की पालकांना बोलवायचं, मुलांनी माफीनामा लिहायचा आणि पालकांनी खाली सही करायची, अशी रीत.

मुखेडहून रुद्राणीचे वडील, शिवमूर्तीअप्पा, पहिल्या एसटीनं आले. सरांनी रुद्राणीपुढे कोरा कागद सरकवला आणि मजकूरही स्वतःच सांगितला, "लिही. मोबाईल धम्मानंदचा होता. त्यानं मला नादी लावलं." मग अप्पांकडे वळून ते म्हणाले, "मुलगी सराव परीक्षेत पहिली हाय तुमची. तिला ठेवू. त्या पोराचं नाव काटतो. तसली पोरं..."

'तसली' म्हणजे कसली, ते सांगायची कुणाला गरज नव्हती.

धम्मानंद दाराशीच उभा होता. त्याच्या घरात डॉक्टर व्हायला निघालेला तो पहिलाच. परीक्षा दोन महिन्यांवर. आता नाव कटलं तर जाणार कुठं? रुद्राणी भयंकर चिडली. तिनं भराभरा लिहिलं आणि उभं राहून मोठ्यानं वाचलं.

"मोबाईल माझा. मालिका मीच लावली. मला धम्मानंद आवडतो. माफी मागते ती नियम मोडल्याची, आवडण्याची न्हाई."

"रुद्राणी!" सर ओरडले.

"त्याचं नाव काटायचं तर माझंही काटा, सर. अन् निकालाच्या दिवशी चौकातल्या बोर्डावर माझा फोटो लावायचा न्हाई. समोरच्या क्लासवाल्यांनी कालच विचारलंय मला, आमच्याकडं येतेस का म्हणून."

सरांचा चेहरा खर्रकन उतरला. बोर्डाची जागा त्यांनी आधीच धरून ठेवली होती.

अप्पांनी कागद दोनदा वाचला. "यात खोटं काही न्हाई ना?"

"न्हाई, अप्पा."

"मग आण पेन. बाकीचं घरी बोलू," ते करड्या आवाजात म्हणाले आणि त्यांनी सही ठोकली. सरांनी घसा खाकरला. मोबाईल परीक्षेपर्यंत जमा. दोघांचीही नावं राहिली.

जिन्यात धम्मानंदनं तिला गाठलं. "रुद्राणी, ते तू वाचलंस ते..."

"खरं हाय. मी अप्पांसमोर बोलले. आता तू बोल."

जिना पोरांनी गच्च भरलेला. वरच्या पायरीवर सर, खाली अप्पा. धम्मानंद पुटपुटला, "मला पण... तू..."

"ऐकू आलं न्हाई."

"मला रुद्राणी आवडते!"

अख्खा जिना वळून बघू लागला. खाली वाकून चपला घालणारे अप्पा मान वर न करताच म्हणाले, "मुखेडपर्यंत ऐकू गेलं, बाबा. आता दोघंबी वर्गात जा."